जुन्या फिशटँकमध्ये माती घालायची तर आधी सहा आठवडे गच्चीवर

बेळगावात, वडगावला आमच्या घरी पुढच्या खोलीत तीन फुटी टँक आहे. सात वर्षं त्याच्या तळाला निळे-पांढरे खडे आणि खड्यांखाली ती जाळीची प्लास्टिक प्लेट, म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर. मासे ठणठणीत होते, पण झाडं काही केल्या टिकेनात. आणलेली वॅलिस्नेरिया महिन्यात पिवळी पडायची आणि दोन महिन्यांत दिसेनाशी व्हायची. शेवटी ठरवलं, खडे काढून माती घालायची.

पहिला प्रयत्न मी जसा केला तसा तुम्ही करू नका. एका रविवारी सकाळी नर्सरीतून मातीची पिशवी आणली, दुपारी टँकमध्ये ओतली, वर वाळू पसरली आणि संध्याकाळी मासे परत सोडले. मंगळवारी पहाटे सगळे निऑन टेट्रा वर येऊन तोंड उघडत होते. गुरुवारपर्यंत अकरापैकी दोन उरले. मातीत शेणखत मिसळलेलं होतं, आणि ते मी विचारलंही नव्हतं.

आमची आज्जी मूळची येळ्ळूरची, उभा जन्म भातशेतीत गेलेला. ती टँकजवळ उभी राहून म्हणाली, "खाचरात शेणकूट घालून पाणी सोडलं नि त्याच दिवशी रोप लावलं तर पिवळं पडतंय की रं. चिखल मुरू दे म्हणत्यात ते कशाला?" त्या एका वाक्यात सगळं होतं. मातीवाला टँक म्हणजे काचेतलं भातखाचर. फरक एवढाच, की खाचरात रोप पिवळं पडतं, इथं मासा मरतो.

कारण असं. कोरड्या मातीवर पाणी उभं केलं की मातीतल्या हवेतला ऑक्सिजन तिथले जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून अमोनिया सुटतो आणि त्याचं नायट्रेट करायला ऑक्सिजन लागतो, तो मातीत उरलेला नसतो. म्हणून अमोनिया साठतो आणि वरच्या पाण्यात झिरपतो. पुढे मातीतलं मँगनीज आणि लोखंड विरघळू लागतं. खाचराच्या कडेला पाण्यावर तांबूस तेलकट तवंग दिसतो, तो तेलाचा नसतो, लोखंडाचा असतो. त्याच्याही पुढे गेलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. ही सगळी उलथापालथ थंड व्हायला दीड-दोन महिने जातात. तो काळ माशांच्या अंगावर घालवायचा की गच्चीवरच्या घमेल्यात, एवढंच आपल्या हातात असतं.

माती कुठली घ्यायची

आमच्या भागात या बाबतीत निवडीला भरपूर वाव आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडे जावं तशी जांभ्याची तांबडी माती. लोखंड भरपूर, आम्लधर्मी, पण खत म्हणून कस कमी, आणि फॉस्फेट पकडून ठेवणारी. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे काळी माती. तिच्यात अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मोठी, पण ओली झाली की फुगते, एकदा ढवळली की दोन-दोन दिवस पाणी निवळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात.

चालू शेतातली माती, मग ती कितीही चांगली दिसो, घेऊ नका. युरिया आणि फवारणीचा अंश टँकमध्ये नको. नर्सरीची तयार माती नको, तिच्यात जवळपास नेहमीच शेणखत किंवा गांडूळखत असतं. मी घेतो ती बांधावरची माती, जुन्या आंब्या-फणसाखालची, जिथं वर्षानुवर्षं नांगर आणि खत दोन्ही पोचलेलं नाही. वरचा पाला बाजूला सारायचा आणि खालची चार-पाच इंच माती उचलायची. अशी माती तीन भाग आणि खानापूरकडची तांबडी माती एक भाग, हे मिश्रण मला मानवलं. तांबड्या मातीतलं लोखंड झाडांना मिळतं आणि तिच्यामुळे फॉस्फेटही आवरलेलं राहतं.

काळीच माती मिळत असेल तर तिच्यात निम्मी वाळू मिसळा, नाहीतर ती काँक्रीटसारखी बसते.

आणलेल्या मातीची परीक्षा घरीच होते. काचेच्या उंच बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, बाकी पाणी, झाकण लावून खळखळून हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. मिनिटभरात वाळू खाली बसते, एक-दोन तासांत पोयटा, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत तरंगत राहते. वर तरंगतो तो काडीकचरा. दुसऱ्या सकाळी बरणीवर थर स्पष्ट दिसतात. निम्म्याहून जास्त चिकण असेल तर वाळू मिसळायची. काडीकचऱ्याचा थर बोटभर जाड असेल तर ती माती टँकसाठी फार श्रीमंत आहे, ती कुंड्यांना घाला. दुसरी परीक्षा व्हिनेगरची. चमचाभर कोरड्या मातीवर दोन-चार थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. अशी माती पाणी जड करते. गप्पी, मोली, प्लॅटीला त्याचं काही नाही, उलट बरंच, पण टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ती नको.

किती माती लागेल? टँकचा तळ तीन फूट बाय एक फूट असेल तर एक इंच थराला सुमारे सात लिटर. चाळून आणि धुऊन बरीच कमी होते म्हणून बारा लिटरपासून सुरुवात करा. सरासरी एक इंचाहून जाड थर देऊ नका. जास्त मातीत जास्त झाडं येतील असं वाटतं, येतो तो फक्त वास.

गच्चीवरचं काम

हे काम शिमग्याच्या आसपास सुरू केलेलं बरं. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की माती वाळत नाही, आणि न वाळलेल्या मातीला या पद्धतीत काही अर्थ नाही.

माती आधी चाळायची. घरात रवा चाळायची असते तेवढी चाळण पुरते. खडे, मुळं, काड्या बाजूला. मग घमेल्यात घालून वर चार बोटं पाणी राहील एवढं भरायचं, हाताने कालवायचं आणि एक दिवस ठेवायचं. वर तरंगेल ते काढून टाका, मग पाणी हळूच ओता. ते मोरीत ओतू नका, झाडांना घाला, त्यात विरघळलेलं खत असतं. उरलेला चिखल प्लास्टिकच्या कागदावर बोटभर जाडीने पसरा आणि उन्हात वाळू द्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत तडे जाऊन खापऱ्या होतात. खापऱ्या चुरायच्या आणि पुन्हा पाणी. सहा आठवड्यांत असं चार वेळा.

यात नेमकं काय घडतं? ओलेपणी कुजायला सोपं असेल ते कुजतं आणि अमोनिया सुटतो. वाळताना माती दमट असते, हवा आत शिरते, तेव्हा जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. पुढच्या पाण्याबरोबर ते नायट्रेट वाहून जातं. म्हणून माती एकदम कडकडीत वाळवून लगेच भिजवू नका, दमट अवस्थेत तिला एखादा दिवस तरी मिळाला पाहिजे. संध्याकाळी कागदाची कड उचलून वर घालावी, म्हणजे सावकाश वाळते. पहिल्या वेळचं पाणी काळ्या चहासारखं निघतं आणि चौथ्या वेळचं साध्या चहासारखं. मातीला पहिल्या पावसाचा वास यायला लागला, आंबूस वास राहिला नाही, की झालं.

एक सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. गच्चीवर माती पसरली की गल्लीतल्या मांजरांना आमंत्रण गेलंच. चार दिवसांची मेहनत एका रात्रीत पुन्हा अमोनियाला जाते. वर जुनी मच्छरदाणी टाकून चार विटा ठेवा.

त्याच सहा आठवड्यांत टँकमध्ये

इकडे माती मुरत असताना टँकचं एक काम सुरू झालं पाहिजे, आणि जुन्या टँकवाल्यांनी हेच टाळू नये. अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर माशांची घाण पचवणारे जवळपास सगळे जिवाणू त्या खड्यांमध्ये आहेत. खडे काढले की फिल्टर गेला. आणि प्लेट ठेवून वर माती घालता येत नाही, कारण माती तिच्या जाळीतून खाली उतरते आणि पंप ती पाण्यात उडवत राहतो.

म्हणून आजच दोन स्पंज फिल्टर आणा, हवेच्या पंपावर चालणारे साधे, आणि त्याच टँकमध्ये चालू करा. महिना-दीड महिन्यात त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती होते. दोन अशासाठी, की बदलाच्या दिवशी एक माशांबरोबर जाईल आणि दुसरा नव्या मातीवर चालेल. या काळात स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने वस्ती मरते. अगदीच गाळ भरला तर टँकच्या काढलेल्या पाण्यात एकदा पिळून घ्या. बाहेर लटकणारा किंवा कॅनिस्टर फिल्टर आधीपासून असेल तर हे काम निम्मं झालेलं आहे.

याच काळात झाडं जमवा. मातीवाला टँक पहिल्या दिवसापासून दाट लावावा लागतो. दोन काड्या लावून वाट बघत बसलं तर मातीतलं अन्न शेवाळ खातं. तळाचा दोन तृतीयांश भाग झाकला जाईल एवढी झाडं हवीत. हायग्रोफिला, रोटाला, वॅलिस्नेरिया, लिम्नोफिला ही वेगाने वाढणारी, पाण्यातला अमोनिया थेट ओढणारी. ब्राह्मी, जी दुकानात बकोपा म्हणून मिळते, तीही छान येते. क्रिप्टोकोरीन मुळांवर जगणारं, मातीत त्याचं सोनं होतं. त्याच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये नैसर्गिकच वाढतात. तरंगणारं एखादं, पिस्टिया किंवा हॉर्नवर्ट, सुरुवातीला हवंच. पिस्टियासारख्या झाडाची पानं पाण्याच्या वर असतात, त्यांना कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, म्हणून ते सगळ्यात आधी कामाला लागतं.

ओढ्यातून झाड आणलंत तर दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. एकदा माझ्याकडे चतुराची अळी आली आणि गप्पीची सगळी पिल्लं गेली. उलट दिशेनेही काळजी घ्या. टँकमधली जादा झाडं ओढ्यात, तळ्यात, विहिरीत टाकायची नाहीत. जलपर्णीने भरलेली तळी कशी दिसतात ते वेगळं सांगायला नको.

आणि वाळू. मातीवर झाकण म्हणून नदीची धुतलेली वाळू, जाड रव्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढी, म्हणजे एक ते तीन मिलिमीटर. बांधकामाची एम-सँड वापरू नका. तो फोडलेला दगड आहे, कडा धारदार आणि भुकटी संपता संपत नाही. चाळून बारीक भुगा काढून टाका, कारण फार बारीक वाळूने मातीचा श्वास कोंडतो. तीन बाय एक फुटाच्या तळाला सव्वा-दीड इंच थर द्यायला पंधरा किलोच्या आसपास लागते, वीस किलो घ्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, माझ्या हातून दहा-अकरा बादल्या गेल्या. व्हिनेगरची परीक्षा वाळूचीही करा.

रविवार

बदलाच्या आदल्या संध्याकाळी माशांना खायला घालू नका. दोन दिवस आधीच मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून उघडं ठेवा. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं, त्यात क्लोरीन असतो. चोवीस तास उघडं ठेवलं की तो उडून जातो, किंवा बाजारात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब घाला. आमच्याकडे नळाचं पाणी बोअरच्या मानाने खूपच मऊ. तुम्ही आजवर बोअरचं वापरत असाल तर त्याच दिवशी पाणीही बदलू नका, एका दिवशी एकच धक्का.

सकाळी पहिलं काम, सगळे प्लग काढणे. हीटर बंद करून वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या. गरम हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो.

मग पाइपने वरचं स्वच्छ पाणी, खड्यांना हात न लावता, साठ लिटरच्या टबमध्ये घ्या. एक स्पंज फिल्टर आणि हीटर त्यात. आता झाडं आणि सजावट काढा, झाडं ओल्या पोत्याखाली. पाणी सहा इंचावर आल्यावर मासे पकडा. भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन धावाधाव केली की खडे ढवळतात, आणि सात वर्षांचा गाळ ज्या पाण्यात उठतो त्यातच मासे असतात. दोन जाळ्या वापरा, एक स्थिर धरायची आणि दुसरीने हाकायचं. टबवर झाकण हवंच. माझी कुहली लोच टबातून उडी मारून सोफ्याखाली गेली होती, धाकट्या भावाला धुळीत माखलेली सापडली. जगली.

मासे गेल्यावर खडे काढा. प्लास्टिकच्या मगने, सावकाश, कोपऱ्यातल्या सिलिकॉनला टोक लागू न देता. खडे आत ठेवून टँक उचलायचा मोह होईल, उचलू नका, तळाची काच जाते. प्लेट काढल्यावर तिच्याखाली जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. माझ्याकडे काळं, मऊ, दोन बोटं जाड, गटारासारखं. हाच तो गाळ ज्यावर मी आजवर मासे पाळत होतो! तो सगळा काढून मोगऱ्याला घातला. टँक पुसून घ्या, साबण अजिबात नाही.

समोरच्या काचेच्या कडेला एक इंच पट्टी फक्त वाळूची ठेवली तर बाहेरून माती दिसत नाही. त्यासाठी थर्मोकोलची पट्टी उभी धरून आधी पुढे वाळू भरायची आणि मागे माती. माती थालीपिठाच्या पिठाएवढी सैल भिजवा, बोटांनी दाबत हवा काढत पसरा. मागे सव्वा इंच, पुढे पाऊण इंच, असा थोडा उतार. मग पट्टी हळूच उपसा आणि मगने, मातीला अगदी चिकटून, वाळू पसरा. उंचावरून ओतली की ती मातीत रुतते.

आता वर फक्त दोन इंच पाणी. लागवड याच पाण्यात करायची. मुळं इंचभर ठेवून कापा आणि लांब चिमट्याने तिरकी खुपसा. कोंब वाळूच्या वर राहिला पाहिजे, वॅलिस्नेरियाचा तर नक्कीच, पुरलेला कोंब कुजतो. काड्यांची झाडं चार-पाचच्या जुडीत. एकदा लावलेलं उपटून दुसरीकडे लावायचं नाही, दर उपटण्याबरोबर माती वर येते. म्हणून कुठं काय ते आधी कागदावर काढून ठेवा. माझ्या भाच्याने हे काम माझ्यापेक्षा नीट केलं, त्याचे हात बारीक आहेत.

भरताना वाळूवर स्टीलची ताटली ठेवा आणि बारीक पाइपने ताटलीवर पाणी सोडा. तास-दीड तास लागतो. चहा घ्या, पण पाइप सोडून जाऊ नका. पाणी गढूळ झालं तर अर्धं काढून पुन्हा भरा, ते माझ्याकडे दोनदा करावं लागलं. जुनं पाणी उरलं असेल तर निम्म्यापर्यंत घातलं तरी चालतं. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजवर आणि पृष्ठभागांवर असतात. जुन्या पाण्याचा फायदा हा, की परतणाऱ्या माशांना ते ओळखीचं असतं. दुसरा स्पंज चालू करा. झालं. मासे आज सोडायचे नाहीत.

मासे परत कधी

याला तारखेचं उत्तर नाही, अमोनियाचं आहे. थेंबांची टेस्ट किट घ्या, पट्ट्यांपेक्षा ती भरवशाची. चोवीस तासांनी पहिली चाचणी, मग रोज. अमोनिया ०.२५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाव भाग) वर नाही आणि नायट्राइट, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होतानाची मधली विषारी पायरी, शून्य, असं सलग दोन दिवस दिसलं की मासे. दुसऱ्या वेळी, मुरवलेल्या मातीवर, माझ्याकडे आठवा दिवस उजाडला. पहिल्या वेळच्या नर्सरीच्या मातीवर मंगळवारीच किटचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या गडद हिरव्यापर्यंत गेला होता.

इथं पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, लक्षात घ्या. अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक रूप माशाला मारतं आणि दुसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. २५ अंश तापमानात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे किटवर आकडा एकच, पण धोका जवळपास दहापट. चुनखडीची माती आणि बोअरचं पाणी असणाऱ्यांनी म्हणून आणखी कडक राहावं.

तोपर्यंत मासे टबमध्ये. खाणं दिवसाआड, चिमूटभर. रोज पाचवा हिस्सा पाणी बदला. स्पंज आहे म्हणून ते निभावतात. बेळगावची हिवाळ्यातली रात्र टेट्रांना सोसत नाही, म्हणून त्या दिवसांत टबमध्ये हीटर चालू ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू द्या, टबमधल्या एवढ्या दाटीत मासे दोन तासही काढत नाहीत.

सोडताना एकदम ओतू नका. बादलीत मासे ठेवून टँकचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब तासभर येऊ द्या, मग जाळीने उचलून सोडा. सगळे एकाच दिवशीही नको, आधी चिवट गप्पी, चार दिवसांनी बाकीचे.

पुढचे दोन महिने

पहिला आठवडा दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदला, पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी माझ्याकडे पंधरवड्यावर आलं.

या काळात घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसतात. पाणी फिकट चहासारखं होतं, ते मातीतलं टॅनिन, बिनधोक. क्रिप्टोकोरीनची सगळी पानं आठवड्यात विरघळून जातात. ते मेलेलं नाही, जागा बदलली की रुसतंच. मुळं जिवंत असतात, तीन आठवड्यांत नवी पानं येतात. उपटून टाकलंत तर चांगलं झाड गमावाल. मातीतून बुडबुडे येतात. नाक जवळ नेऊन बघा. वास नसेल तर सोडून द्या. कुजक्या अंड्याचा असेल तर विणकामाच्या सुईने त्या जागी पाच-सहा भोकं पाडा आणि त्या दिवशी पाणी बदला. रेड-रिम्ड किंवा ट्रम्पेट गोगलगायी असतील तर हे काम त्या रात्री स्वतःच करतात, दिवसभर वाळूत पुरून घेतात आणि अंधारात जमीन पोखरतात. लोक त्यांना किड म्हणतात, मी त्यांना गड्याची मजुरी देतो, म्हणजे काकडीची एक चकती.

दिवा सलग दहा तास लावाल तर शेवाळ. सकाळी चार तास, मग चार तास अंधार, मग संध्याकाळी चार तास, असा टायमर लावला की मधल्या वेळात मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो आणि झाडं तो दुसऱ्या पाळीत वापरतात. खत घालू नका. माती आहे आणि माशांचं खाणं आहे, तेच खत.

जुनी सवय एकच मोडावी लागते, तळ सायफनने धुण्याची. आता सायफन वाळूच्या वर एक इंच धरायचा. झाड नको असेल तर उपटायचं नाही, वाळूच्या पातळीला कात्रीने कापायचं, मूळ आतच कुजू द्यायचं. दीड-दोन वर्षांनी क्रिप्टोकोरीनची पानं लहान होऊ लागली तर तांबड्या चिकणमातीच्या बोराएवढ्या गोळ्या कडक वाळवून मुळांशी खुपसा.

ज्यांच्याकडे गोल्डफिश आहेत किंवा तळ उकरणारे मोठे सिक्लिड, त्यांनी या फंदात पडू नये, आठवड्यात चिखल होईल. मोठा सकर मासा असेल तरी तेच. त्यांच्यासाठी आणि ज्यांना जुना टँक उपसायची हिंमत होत नाही त्यांच्यासाठी कुंड्या. भाजलेल्या मातीच्या, रंग न दिलेल्या, तीन-चार इंची बुटक्या कुंड्या खानापूरच्या कुंभारांकडे किंवा आपल्या बाजारातही मिळतात. तळाचं भोक खड्याने बंद करा, दोन तृतीयांश तीच मुरवलेली माती, वर वाळू, गोल्डफिश असेल तर वाळूवर चपटे गोटे. जुन्या खड्यांत जागा करून आठवड्याला एकच कुंडी बसवा. काही बिघडलंच तर तेवढी एक कुंडी उचलून बाहेर काढता येते, हा तिचा मोठा गुण.

मुरवलेली माती माझ्याकडे तीन लिटर उरली होती. आज्जीने ती परसातल्या अळूला घातली. पंधरा दिवसांनी मला बोलावून दाखवलं, अळू होतं तेवढंच होतं. "चार-चार येळा धुऊन वाळवून काय ठेवलाईस हिच्यात?" म्हणाली. टँकमधली वॅलिस्नेरिया तेव्हा पाण्याच्या वर येऊन आडवी पसरायला लागली होती. तिला माशांची घाण मिळत होती, अळूला ती कुठून मिळणार?